डाव्या बाजूचा आकडा

गॅरेजमध्ये गाडी एक. सीट दोन. चाकं पाच, त्यांतलं एक डिकीत. किल्ल्या तीन, पैकी एक कुठल्याच कुलपाला लागत नव्हती. चामड्याच्या गुंडाळीत हत्यारं नऊ आणि कप्पे अकरा. रिकाम्या दोन कप्प्यांत पान्यांचे ठसे इतके स्पष्ट उमटले होते की हरवलेल्या पान्यांचं मापही सांगता आलं असतं. सीटच्या शिवणीत अडकलेलं नाणं एक. आरशामागे मेलेली गांधीलमाशी एक.

धाकटी एकेक वस्तू फोनमध्ये टिपत होती आणि ताई शेजारी टॉर्च धरून उभी होती.

"माशीपण लिहिलीस?"

"जे आहे ते लिहायचं."

"लिही बाई. त्या दलालाचा नेम नाही, माशीचे वेगळे पैसे देईल."

ताई हे गमतीने म्हणाली, पण त्यात गंमत अर्धीच होती. अशाच एका गाडीचा एक सुटा पाना मागच्या वर्षी लिलावात धाकटीच्या तीन पगारांएवढ्या किमतीला गेला होता. पाना गंजलेला होता.

गाडी मूळची मामाची. मामा जहाजांची इंजिनं दुरुस्त करायचा, आणि कुणा गिऱ्हाइकाने पैसे देण्याऐवजी ही दोन सीटची जुनी गाडी त्याच्या गळ्यात मारली होती. घरात सगळे तिला म्हातारी म्हणायचे. मामाला मूलबाळ नव्हतं. भाच्या दोन. धाकटी कॉलेजात जायच्या वेळी त्याने दोघींना समोर बसवलं आणि सांगितलं की माझ्याकडे देण्यासारख्या दोनच गोष्टी आहेत, एक म्हातारी आणि दुसरी म्हणजे एकीच्या शिक्षणाला पुरेल एवढी रक्कम. कुणावर अन्याय नको म्हणून त्याने दोन वेगवेगळ्या माणसांकडून गाडीची किंमत काढून आणली होती, आणि ती शिक्षणाच्या रकमेशी जवळजवळ जुळत होती.

"आधी धाकटी निवडेल," मामा म्हणाला.

धाकटीने पाणी प्यायलाही वेळ घेतला नाही. शिक्षण म्हणाली. पाच वर्षं भौतिकशास्त्र शिकली आणि मोजमापाची यंत्रं तपासून त्यांवर शिक्का मारणाऱ्या एका प्रयोगशाळेत लागली. ताई तेव्हा केस कापायला शिकत होती. तिला म्हातारीत नुसतं बसायला आवडायचं. तिने गाडी घेतली, कारण तीच उरली होती.

याला अकरा वर्षं झाली. मामा आता नव्हता. गाडीची किंमत एकेचाळीस पट झाली होती. शिक्षणाची किती पट झाली हे गणित धाकटीने एकदा केलं आणि पुन्हा केलं नाही.

तिला सर्वांत जास्त खुपायचं ते हे की गाडी तीच होती. अकरा वर्षांत म्हातारीत झालेला प्रत्येक बदल वाईटाकडेच गेला होता. टायर बसले, रबर तडकलं, निळ्या रंगावर राखाडी साय धरली. वस्तू बिघडते आणि किंमत वाढते, म्हणजे कारण वस्तूच्या बाहेर आहे. आणि कारण सापडेपर्यंत धाकटीला चैन पडत नसे. तिने जगभरच्या लिलावांचे आकडे गोळा केले आणि आलेख काढला. कारखान्याने अशा गाड्या चारशे बारा बनवल्या आणि मग तो बंद पडला. आज उरल्या अडीचशेच्या आसपास. पुरवठ्याची रेषा म्हणजे आडवी, आणि कुठे अपघात झाला की किंचित खाली येणारी. मागणीचं तसं नव्हतं. कुणी तेलावर, कुणी सॉफ्टवेअरवर, कुणी घाऊक चपला विकून नव्याने श्रीमंत होत होता. अशा माणसाला आधी घर लागतं, मग दुसरं घर लागतं, आणि मग लहानपणी भिंतीवर चिकटवलेल्या चित्रातली गाडी लागते. ज्या देशांत पूर्वी असं चित्र चिकटवायला भिंत नव्हती, तिथूनही आता बोली येत होती. बँकांचं व्याज घसरलं त्या त्या वर्षी किंमत उडी मारत होती. घेतलेल्या गाड्या कुणी चालवत नव्हतं. ऊन, ओल आणि कर या तिन्हींपासून लांब ठेवलेल्या गोदामांत त्या उभ्या होत्या.

आलेख इतका देखणा आला की दुसऱ्या कशाचाही असता तर तिने तो भिंतीवर लावला असता.

त्यावरून तिने आणखी एक भागाकार केला. बसक्या टायरांवर उभी असलेली म्हातारी एका दिवसात जेवढी वाढत होती, तेवढं कमवायला धाकटीला अकरा दिवस लागत होते. ताई केस कापत असली तरी गाडी वाढत होती, ताई पाय पसरून सिनेमा बघत असली तरी वाढत होती. ताईने मिरवलं असतं, नवे कानातले दाखवले असते, तर निदान नाक मुरडायला जागा मिळाली असती. पण ताई म्हणायची, "आपली म्हातारी." त्या "आपली"ने धाकटीच्या पोटात दुखायचं.

आता गाडी विकायची ठरली होती. ताईला स्वतःचं मोठं सलून काढायचं होतं. भाड्याच्या दुकानात उभं राहून तिची कंबर गेली होती. एका दलालाने परदेशातल्या गिऱ्हाइकातर्फे विचारणा केली होती आणि दोन आठवड्यांनी तो स्वतः येणार होता. फोनवर त्याने तीनदा बजावलं होतं. या गाड्यांपैकी कारखान्याचा मूळ रंग अंगावर असलेल्या जगात अकराच उरल्यात, तुमची त्यांतली एक असेल तरच मी सांगितलेला भाव. एक पत्रा जरी नव्याने रंगवला असला तरी निम्मा. तेव्हा आहे तशी राहू द्या, धूळसुद्धा पुसू नका.

फोन ठेवल्यावर भावजी बराच वेळ हसत होते. ताईच्या नवऱ्याचा जुन्या गाड्या घेऊन विकायचा धंदा होता. घरातल्या माणसांच्या गाड्या, मुलांची खेळणी सीटखाली राहिलेल्या.

"हे वाक्य माझंच आहे," ते म्हणाले. "घेताना मी प्रत्येकाला हेच सांगतो. आहे तशी द्या, उगाच खर्चात पडू नका. मग आणतो, घासतो, रंगवतो आणि पुढच्या आठवड्यात दीडपटीने काढतो. धूळ पुसू नका म्हणे. शहाणाच दिसतोय."

"तो खरंही बोलत असेल," ताई म्हणाली.

"धंद्यात? असेल बाबा. म्हणून तर मेव्हणीबाईंना बोलावलंय. शास्त्रज्ञ सांगतील, रंग मूळचा की नाही."

म्हणून धाकटी रविवारी प्रयोगशाळेतलं यंत्र घेऊन आली होती. तळहातात मावणारं, पत्र्यावर टेकवलं की रंगाची जाडी मायक्रॉनमध्ये सांगणारं. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. कारखान्याचा मूळ रंग असेल तर शंभराच्या आगेमागे आकडा यावा. वर दुसरा रंग चढवला असेल तर दोनशेच्या पुढे, आणि ठोकून पुट्टी भरली असेल तर कितीही.

वस्तूंची मोजणी संपवून तिने यंत्र हातात घेतलं. ताई टॉर्चचा झोत पत्र्यावर धरून चालली. भावजी मागे स्टुलावर बसले.

"बॉनेट. एकशे आठ. एकशे अकरा. एकशे सहा."

"म्हणजे बरं ना?" ताईने विचारलं.

"बरं."

"डावा दरवाजा?"

"एकशे चौदा."

ताई हसली. तिच्या हातातला टॉर्च हलला. धाकटी तो झोत स्थिर होईपर्यंत थांबली आणि डाव्या बाजूने मागे सरकली. मागचं मडगार्ड जिथे मुख्य सांगाड्याला जोडलेलं असतं तिथे तिने यंत्र टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं.

"नऊशे चाळीस," ती म्हणाली.

स्टूल करकरलं. "किती?"

"नऊशे चाळीस."

"झालं," भावजी उठून जवळ आले. "पुट्टी. ठोकलीये कुणीतरी आणि दाबून भरलीये. मामा बोलला नाही कधी?"

"मामा कशाला लपवेल?" ताई म्हणाली.

"मामाच्याही आधीची असेल गं. आकडा काय खोटं बोलतोय?"

धाकटी उजवीकडे गेली. ताई टॉर्च घेऊन तिच्या मागे गेली. भावजी डाव्या मडगार्डवर बोटाची गाठ वाजवत तिथेच राहिले. उजव्या मडगार्डच्या त्याच सांध्यावर धाकटीने यंत्र टेकवलं. पडद्यावर आकडा आला, नऊशे पंचवीस.

कुणाचाही अपघात दोन्ही बाजूंना, एकाच जागी, इतका सारखा होत नाही. त्या काळी असे दोन पत्रे जोडले की सांध्याच्या खाचेत शिसं ओतून ते गुळगुळीत घासत, हे धाकटीने महिन्यापूर्वीच वाचलं होतं. यंत्र चुंबकावर चालतं. लोखंड किती खोल आहे एवढंच ते सांगतं; मध्ये रंग आहे, पुट्टी आहे की शिसं, ते त्याला कळत नाही. दोन्हीकडचे आकडे शेजारी शेजारी ठेवले की अर्थ उघड होता. कारखान्यातून निघाल्यापासून म्हातारीला कुणी हात लावलेला नव्हता. ती अकरांतली एक होती.

डावीकडचा आकडा तिने मोठ्याने सांगितला होता.

"काय गं?" ताईने विचारलं.

"काही नाही," धाकटी म्हणाली आणि यंत्र बंद केलं. "झालं."

नंतर चहा पिताना भावजींनी मनातलं मांडलं. रंग मूळचा नाहीच, तर दलालाची वाट बघण्यात अर्थ नव्हता. तो येणार, त्याच्याकडेही असलंच यंत्र असणार, मडगार्डावर बोट ठेवून निम्म्यावर आणणार. त्यापेक्षा पुट्टी खरवडून गाडी नखशिखान्त एकसारखी रंगवावी, आरशासारखी करावी आणि चकचकीत आवडणारा दुसरा कुणी श्रीमंत गाठावा.

"श्रीमंतांना काय तोटा आहे जगात," ते म्हणाले. "रोज नवे निपजतात, तुम्हीच तो आलेख दाखवलात. चालेल ना रंगवली तर?"

ताईनेही धाकटीकडे पाहिलं.

"गाडी तुमची आहे," धाकटी म्हणाली. "मी काय सांगणार?"

"असं काय परक्यासारखं," ताई म्हणाली. "बिस्कीट घे."

धाकटीने बिस्कीट घेतलं.

त्या आठवड्यात ती छान झोपली. बऱ्याच दिवसांनी सकाळी गाणं गुणगुणत तिने भांडी घासली. प्रयोगशाळेत शेजारच्या टेबलावरची बाई म्हणाली, "लग्न ठरलं की पगार वाढला?" धाकटीने मनातल्या मनात भागाकार नव्याने मांडला होता. पूर्ण रंगवलेल्या गाड्या मूळ रंगाच्या गाड्यांच्या एक तृतीयांशाला जात होत्या. एकेचाळीस पटीच्या जागी चौदा पट. चौदा पट काही शून्य नव्हतं, पण चौदा पट सहन होण्यासारखं होतं. चौदा पटीच्या बहिणीकडे हसतमुखाने जेवायला जाता येतं.

बुधवारी दुपारी डबा खाता खाता तिने सवयीने आलेख उघडला. मूळ रंगाच्या गाड्यांचे ठिपके तिने लाल केले होते. बाकीच्या ठिपक्यांच्या खूप वर, त्यांची वेगळीच रेषा जात होती. अकराच्या दहा झाल्या तर ती रेषा किती वर जाईल, हे काढायला अर्धी पोळीही संपावी लागली नाही. प्रत्येक गाडीमागे जवळजवळ आठ टक्के.

ती चावायची थांबली. ताईचं जे जाणार होतं ते तिच्या पदरात पडणार नव्हतं, हे तिला ठाऊकच होतं. पण ते हवेतही विरणार नव्हतं. त्यातलं बरंचसं दहा जणांत वाटलं जाणार होतं. त्यांतल्या तिघांची माहिती लिलावाच्या बातम्यांत होती. एकाकडे तिच्या जोडीला रंगवलेल्या आणखी दोन होत्या आणि त्याला गाडी चालवता येत नव्हती. एक माणूस नव्हताच, कंपनी होती. एकाने आपली गाडी विकत घेतल्यापासून प्रत्यक्ष पाहिलीच नव्हती. पुढच्या वर्षी हे दहाही जण आठ टक्क्यांनी आणखी श्रीमंत होणार होते आणि का झालो हे त्यांना कळणारसुद्धा नव्हतं. ते काम त्यांच्यासाठी, फुकट, रविवारी, धाकटीने केलं होतं.

ताईचा हेवा करणं तिच्या हक्काचं होतं. लहानपणी अर्धी अर्धी वाटलेली प्रत्येक वस्तू तिने ताईच्या अर्ध्याशी लावून पाहिली होती. ताईचं अर्धं कधीकधी मोठं असायचं आणि ताई मुकाट्याने बदलून द्यायची. पण हे दहा जण कोण लागून गेले? यांचं अर्धं कुणी मोजून पाहिलं होतं? धाकटीच्या कानशिलांत गरम झालं. रविवारी ताईच्या गॅरेजात जे वाटत होतं तेच आता वाटत होतं, फक्त दहापट.

तिने डबा तसाच बंद केला आणि ताईला फोन लावला.

"बोल," ताई म्हणाली. मागे ड्रायरचा आवाज होता. "पटकन बोल, एका बाईच्या डोक्याला रंग लावलाय."

"म्हातारीला हात लावू नका. ती पुट्टी नाही, शिसं आहे. कारखान्यातलं. रंग मूळचाच आहे."

ड्रायर बंद झाला.

"आज सकाळीच नेली," ताई म्हणाली.

रंगकामाचं शेड ताईच्या दुकानापासून दोन बसथांबे पुढे होतं. धाकटी यंत्र घेऊन टॅक्सीने पोचली तेव्हा ताई आधीच आलेली होती, काळ्या एप्रनमध्ये, उजव्या हाताला तपकिरी रंग तसाच. भावजी पत्र्याच्या भिंतीला टेकून उभे होते. रंगारी मशीन बंद करून खाली बसला होता आणि तोंडावरचा रुमाल सोडत होता. जमिनीवर निळी धूळ पडली होती.

म्हातारीच्या डाव्या मागच्या मडगार्डवर रंग नव्हता. भावजींनी खडूने गोल करून दिला होता, पुट्टी इथून काढायला घ्या म्हणून, आणि रंगाऱ्याने तो गोल पूर्ण करून पुढेही हातभर घासलं होतं. सांध्याच्या जागी मऊ, मंद चमकणारा करडा पट्टा उघडा पडला होता.

"मला वाटलंच, पुट्टी अशी उडत नाही," रंगारी म्हणाला. "पण साहेब म्हणाले घासा."

"मी म्हणालो," भावजी म्हणाले. मग धाकटीकडे वळले. "हे तुम्हाला आज कळलं?"

धाकटी उघड्या पट्ट्यापाशी वाकली.

"रविवारी आकडा सांगितलात ना. मग पुढचं वाक्यही तेव्हाच सांगायचं. माझ्या धंद्यात आम्ही खोटं बोलतो, पण अख्खं बोलतो."

"पुरे," ताई म्हणाली.

तिने एप्रनला हात पुसला. रंग निघाला नाही. मग ती धाकटीच्या समोर येऊन उभी राहिली, गिऱ्हाइकाचे केस दोन्हीकडून सारखे आलेत की नाही हे बघताना उभी राहायची तशी, मान थोडी तिरकी करून.

"उजवीकडे नऊशे पंचवीस होतं," ती म्हणाली.

"तू पाहिलंस?"

"टॉर्च माझ्याच हातात होता. मला वाटलं, महत्त्वाचं असतं तर तू बोलली असतीस."

रंगारी उठून नळाकडे गेला. भावजी खडूच्या गोलाकडे बघत राहिले. धाकटीला गोदामांतले ते दहा जण आठवले, पण आता त्यांच्यावर रागवायला जमेना. ते खूप लांब होते आणि ताई हातभर अंतरावर होती.

"ताई, मला..."

"नको," ताई म्हणाली. "तुझं कारण मला माहितीये. अकरा वर्षं माहितीये. तू जेवायला आलीस की गॅरेजच्या बाजूने कधी येत नाहीस." तिचा आवाज चढला नव्हता. "मामाने तेव्हा मला आधी विचारलं असतं ना, तर मीही शिक्षणच म्हटलं असतं."

धाकटीने मान वर केली. ताईने तिच्या हातातल्या यंत्राकडे बोट दाखवलं.

"दलालाला खरं कळवायचंय. काय उरलंय ते मोज. सगळीकडे मोज, दोन्ही बाजूंना. आणि या वेळी सगळं मोठ्याने सांग."

धाकटीने यंत्र सुरू केलं, सोबतच्या शून्याच्या पट्टीवर टेकवून तपासून घेतलं आणि पुढून सुरुवात केली. ताई फोनमध्ये लिहू लागली.

"बॉनेट, एकशे आठ. उजवा दरवाजा, एकशे बारा. उजवं मागचं मडगार्ड, एकशे दहा. त्याचा सांधा, नऊशे पंचवीस. डिकी, एकशे नऊ. डावा दरवाजा, एकशे चौदा."

"पुढे."

"डावं मागचं मडगार्ड. सांध्यावर, आठशे तीस."

"त्याच्या पुढे?"

धाकटीने यंत्र तीन ठिकाणी टेकवलं.

"शून्य," ती म्हणाली. "शून्य. शून्य."